घट आणि पट

संस्कृत विद्येच्या प्रांतांत घटाइतका राबविला गेलेला दुसरा पदार्थ क्वचितच सांपडेल. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह उघडावा, तों घट पुढें उभा. कार्यकारणभाव समजावयाचा तर माती, कुंभार आणि घट. समवाय समजावयाचा तर तंतु आणि पट. अभाव म्हणजे काय, तर भूतलावर घट नसणें! कंटाळून वेदांताकडे वळावें, तर तेथेंही घटाकाश आणि मठाकाश वाट पाहत असतातच. ‘घटपटाची खटपट’ हा शब्दप्रयोग ज्या कोणा रसिकानें प्रथम केला, त्यानें विद्यार्थिदशेंत बरेंच सोसलें असलें पाहिजे.

प्रस्तुत लेखकानें तेहतीस वर्षें माध्यमिक शाळेंत संस्कृत शिकविलें. एवढ्या अवधींत ‘घट’ हा शब्द मीं किती सहस्र वेळां उच्चारला असेल याची गणती नाहीं. परंतु ‘मास्तर, तुम्हीं कधीं घटाकडे पाहिलें काय?’ असें कोणीं विचारलें असतें, तर मला मान खालीं घालावी लागली असती. घट हें माझ्या दृष्टीनें उदाहरण होतें. तो पाहावयाचा पदार्थ नव्हताच. साठी उलटल्यावर ही उणीव मला दाखवून दिली ती १९०६ सालीं वारलेल्या एका फ्रेंच चित्रकारानें. चित्रकलेंत मला अधिकार नाहीं, हें आरंभींच कबूल करून, ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतो. गेल्या खेपेस आला तेव्हां त्यानें लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयांतून एका चित्राची छापील प्रत आणिली. ‘नाना, तुम्हांला आवडेल असें वाटलें म्हणून आणलें,’ असें म्हणून त्यानें गुंडाळी सोडली. चित्राचें नांव ‘निळ्या भांड्याचें स्थिरचित्र’ व चित्रकार पॉल सेझान. मूळ कागद सुमारें ४८ सेंटिमीटर उंच व ६३ सेंटिमीटर रुंद आहे. चित्र १९०० ते १९०६ यांच्या दरम्यानचें. प्रथम पेन्सिलीच्या रेघा व त्यांवर जलरंग. विषय म्हणाल तर निळ्या इनॅमलचें एक भांडें, शेजारीं पांढरा दुधाचा जग, कांहीं सफरचंदें, आणि टेबलावर टाकलेलें एक जाड नक्षीदार वस्त्र. म्हणजे एक घट, एक पट आणि थोडीं फळें. याउपर कांहीं नाहीं. मनुष्य नाहीं, देव नाहीं, प्रसंग नाहीं.

आमच्या घरांतून या चित्रावर तीन आक्षेप तत्काळ निघाले. पहिला, ‘या माणसाचीं सफरचंदें घरंगळून खालीं पडतील.’ दुसरा, ‘चित्र अर्धवटच सोडलेलें दिसतें, जागोजाग कोरा कागद दिसतो आहे.’ आणि तिसरा, सर्वांत जड, ‘भांडीं घासून घासून हात झिजले, आतां तींच भिंतीवर कशाला टांगावयाचीं?’ मीं त्या वेळीं हंसून वेळ मारून नेली. परंतु आक्षेप मोठे मार्मिक होते. फ्रान्सांतील नामांकित टीकाकारांनीं हयातभर सेझानवर जे आक्षेप घेतले, ते याहून फारसे निराळे नव्हते. त्यांचीं उत्तरें शोधतां शोधतां माझें वर्ष गेलें. पूर्वपक्ष एवढा समर्थ असल्यावर उत्तरपक्षहि नीट मांडिला पाहिजे. आणि तिसरा आक्षेप मुळाशीं जाणारा असल्यामुळें तोच प्रथम घेतों.

निर्जीव वस्तूंच्या चित्राला इंग्रज लोक ‘स्टिल लाइफ’ म्हणतात. फ्रेंचांचा शब्द ‘नात्यूर मोर्त’, म्हणजे शब्दशः मृत सृष्टि. आपल्याकडे रेखाकलेच्या परीक्षांमुळें ‘स्थिरचित्र’ हा शब्द रूढ झाला आहे, व तो या दोहोंपेक्षां मला सरस वाटतो. फ्रान्सांत या प्रकाराला प्रतिष्ठा नव्हती. तेथील राजकीय चित्रकला-अकादमीच्या व्याख्यानांना आंद्रे फेलिबियां यानें १६६७ सालच्या सुमारास प्रस्तावना लिहिली. तींत त्यानें चित्रविषयांची उतरंडच रचून दिली. मनुष्याकृति व इतिहासप्रसंग सर्वांत वर. जिवंत प्राणी त्याखालीं. निसर्गदेखावे आणखी खालीं. आणि फळें, फुलें, शिंपले काढणारा अगदीं तळाशीं. वर्णव्यवस्था केवळ आपल्याच देशांत होती असें समजण्याचें कारण नाहीं!

या उतरंडीला पहिला मोठा धक्का दिला तो झां सिमेऑं शार्दां (१६९९–१७७९) यानें. हा पॅरिसमधील एका सुताराचा मुलगा. बाप बिलियर्डचीं टेबलें करीत असे. यानें तांब्याचे हंडे, मडकीं, कांदे, अंडीं, पाण्याचा पेला असल्या स्वयंपाकघरांतील जिन्नसांचीं चित्रें काढिलीं, आणि १७२८ सालीं त्याच अकादमीनें त्याला सभासद करून घेतलें. पुढें तो तिचा खजिनदार झाला. राजानें त्याला लूव्हरच्या राजवाड्यांत राहावयास जागा दिली. दिदरोसारख्या विद्वानानें त्याचे गोडवे गाइले. तरीसुद्धां उतरंड पुरती ढासळली नाहीं. ती ढासळविण्याचें काम शतकभरानें सेझाननें केलें, तेंहि मुख्यतः सफरचंदांच्या बळावर.

पॉल सेझानचा जन्म १९ जानेवारी १८३९ रोजीं फ्रान्सच्या दक्षिणेस एक्स या गांवीं झाला. बापाचा मूळ धंदा टोप्यांचा; पुढें तो सावकारी पेढीचा मालक झाला. मुलगा शाळेंत लॅटिन व ग्रीक भाषांत चांगला होता, हें माझ्यासारख्या भाषामास्तराला विशेष वाटतें. शाळेंत एमिल झोला हा पुढें कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला मुलगा त्याचा जिवलग मित्र होता. इतर पोरें झोलाला छळीत. सेझाननें त्याची बाजू घेतली व मार खाल्ला. दुसऱ्या दिवशीं झोलानें सफरचंदांची टोपली आणून दिली, अशी एक गोष्ट सांगतात. सेझानच्या चित्रांतील सफरचंदें त्या टोपलींतून आलीं असें मानावयास मन ओढ घेतें.

बापाची इच्छा मुलानें वकील व्हावें. दोनएक वर्षें कायद्याचा अभ्यास झालाही. परंतु १८६१ सालीं मुलगा पॅरिसला गेला. तेथील सरकारी कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेंत तो नापास झाला. वार्षिक सरकारी प्रदर्शनानें त्याचीं चित्रें वर्षामागून वर्ष परत पाठविलीं. उभ्या आयुष्यांत १८८२ सालीं कायतें एक चित्र आंत घेतलें गेलें. कामीय पिसारो या वडीलधाऱ्या चित्रकारानें मात्र त्याला उघड्या माळावर नेऊन पाहावें कसें हें शिकविलें. नव्या पंथाच्या चित्रकारांबरोबर १८७४ व १८७७ सालीं त्यानें चित्रें मांडलीं, तीं हंशावारीं गेलीं. त्यानंतर तो बहुतेक गांवींच राहूं लागला. बाप मासिक तनखा देई आणि त्याच्याबरोबर धाकहि देई. चाळिशी गांठली तरी आपल्याला बायको-मुलगा आहेत ही गोष्ट सेझान बापापासून लपवून ठेवीत होता. १८८६ सालीं त्यानें रीतसर लग्न लावलें, व त्याच वर्षीं बाप वारला. आतां पैशाची ददात उरली नाहीं. पण राहणी बदलली नाहीं. १८९५ सालीं आंब्रोआझ व्होलार या व्यापाऱ्यानें पॅरिसमध्यें त्याचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें, तेव्हां सेझान छप्पन्न वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाला लोक निवृत्तीच्या हिशेबाला लागतात.

आपलें निळें भांडें या नंतरच्या काळांतलें. आई १८९७ सालीं गेली. तरुणपणापासूनचें जा द बुफां हें घर १८९९ सालीं विकावें लागलें. शरीरांत मधुमेह मुरलेला. १९०२ सालीं गांवाबाहेर लोव्हच्या चढावर त्यानें चित्रें काढण्यापुरती एक इमारत बांधून घेतली व मरेपर्यंत तेथें रोज जात राहिला. ती जागा आज संग्रहालय म्हणून राखलेली आहे, व त्यानें चित्रांत वापरलेल्या बरण्या, कवट्या व प्लॅस्टरचा लहानसा मदन तेथें पाहावयास मिळतात. राजाच्या तोफा आणि शिरपेंच जपून ठेवणारीं संग्रहालयें पुष्कळ. एका म्हाताऱ्याचीं बरणी-भांडीं जपणारें विरळाच! तेव्हां ‘भांडीं भिंतीवर कशाला?’ या आक्षेपाचें उत्तर मला असें सुचतें. राजा किंवा देव चित्रांत आला कीं आपण भक्तीनें अथवा कुतूहलानें पाहतों. चित्र सामान्य असलें तरी विषय त्याला तारून नेतो. भांड्याच्या ठायीं असला कोणताच वशिला नाहीं. तेथें चित्रकाराला केवळ पाहण्याच्याच बळावर उभें राहावें लागतें. खरी परीक्षा भांड्याचीच.

आतां दुसरा आक्षेप, चित्र अर्धवट असल्याचा. त्यासाठीं सेझान काम कसें करी हें सांगितलें पाहिजे. ल बाय नांवाच्या एका तरुण चित्रकारानें त्याला फळांची मांडणी करतांना पाहिलें होतें. आधीं कापड अंथरावयाचें, मग एकेक फळ ठेवावयाचें. हिरव्याजवळ तांबडें, निळ्याजवळ पिवळें असें रंग एकमेकांस भिडवावयाचे. आणि फळ हवें तसें कलावें म्हणून त्याच्या खालीं एक-दोन सूंचीं नाणीं सारावयाचीं. सावकाराच्या मुलानें नाण्यांचा हा उपयोग शोधून काढिला! मांडणींत तो इतका रमे कीं पाहणाऱ्याला ती नेत्रांची मेजवानीच वाटावी. काम मात्र अति मंद. फळें नासून जात, म्हणून सफरचंदासारखीं टिकाऊ फळें बरीं. फुलें कोमेजत, म्हणून कागदाचीं फुलें. व्होलारचें चित्र काढतांना त्यानें त्याला शंभरांहून अधिक वेळां बसविलें, व तो पेंगूं लागला तेव्हां सफरचंदासारखें स्थिर बसावें म्हणून दटाविलें, असें व्होलारनेंच लिहून ठेविलें आहे.

जलरंगांची रीत एमिल बेर्नार या दुसऱ्या चित्रकारानें १९०४ सालीं एक्स येथें डोळ्यांनीं पाहिली. सेझान प्रथम सावलीच्या जागीं रंगाचा एक पातळ ठिपका देई. तो वाळला कीं त्याला झांकून थोडा पुढें जाणारा दुसरा, त्यावर तिसरा. हे पारदर्शक पापुद्रे एकावर एक चढतां चढतां त्यांच्यांतूनच वस्तूला रंगहि येई आणि गोलाईहि येई. आधीं रेघेनें पिंजरा करावयाचा व मग त्यांत रंग कोंडावयाचा, ही आपली शाळेंतली रीत तेथें नव्हती. जलरंगांत पांढरा रंग बहुधा वापरीत नाहींत. पांढरा तो कागदच. त्यामुळें निळ्या भांड्यावरील उजेडाची तिरीप, जगाचा शुभ्रपणा, सफरचंदाच्या पोटावरील चमक, जें जें चित्रांत सर्वांत उजळ आहे, तें तें चित्रकारानें न केलेलें आहे. तेथें त्यानें हात आंवरला एवढेंच.

हें मला छापील प्रतींत नीट कळलें नव्हतें. गेटी संग्रहालयानें २०१३ सालापासून आपल्याकडील अनेक चित्रांच्या मोठ्या प्रतिमा सर्वांस मोफत खुल्या केल्या आहेत. पुतण्यानें संगणकाच्या पडद्यावर हें चित्र वाढवून दाखविलें, तेव्हां पेन्सिलीच्या रेघा स्पष्ट झाल्या. वस्तूंच्या कडेला एक रेघ नाहीं. रेघ तुटते, पुन्हां जवळून जाते, पुन्हां तुटते, जणूं हात दर खेपेस विचारीत आहे, ‘येथें काय? कीं येथें?’ भांडें कोठें संपलें आणि बाहेरचा अवकाश कोठें सुरू झाला, याचा निकाल त्यानें घाईनें लावलेला नाहीं. वेदांती जें घटाकाश आणि महाकाश यांजविषयीं तर्कानें सांगतात, कीं भेद उपाधीचा आहे, आकाश एकच, तें या तुटक रेघांतून वाहणाऱ्या कोऱ्या कागदांत मला डोळ्यांनीं पाहिल्यासारखें वाटलें. सेझानला वेदांत ठाऊक होता असें मी मुळींच सुचवीत नाहीं. आपल्याकडे कोणतीही चांगली गोष्ट दिसली कीं ती आपल्या ग्रंथांत पूर्वींच होती असें म्हणण्याची खोड आहे. मला ती टाळावयाची आहे. माझें म्हणणें उलट आहे. ग्रंथांत होतें तें मला दिसलें नव्हतें. तें दिसण्यास परक्या माणसाचें भांडें लागलें.

राहतां राहिला पहिला आक्षेप, कलत्या टेबलाचा. आपण एक डोळा मिटून, मान न हलवितां, एका जागीं खिळून पाहिलें, तर वस्तु यथादर्शनाच्या नियमांनीं दिसतात. छायाचित्राचें यंत्र असेंच पाहतें. परंतु मनुष्य असा पाहत नाहीं. तो मान वळवितो, किंचित् उठतो, भांड्याचें तोंड वरून पाहतो आणि पोट समोरून. सेझान एकेका वस्तूपुढें दिवसचे दिवस बसे. तेवढ्या काळांत जागा थोडी सरकली कीं दिसणें बदले, आणि तो बदलहि तो खरा मानी. म्हणून त्याचीं टेबलें पुढें कललेलीं भासतात व ताटांचीं तोंडें अधिक उघडीं दिसतात. सफरचंदें पडत नाहींत, कारण रंगांनीं व वजनांनीं तीं एकमेकांस धरून ठेविलीं आहेत. निसर्गाचा विचार नळकांडें, गोल आणि शंकु या घनाकृतींच्या द्वारें करावा, असें त्यानें बेर्नारला १९०४ सालच्या एका पत्रांत लिहिलें. पुढच्या पिढीनें यावरून मोठमोठे पंथ उभारले. १९०७ सालीं पॅरिसमध्यें त्याच्या एकुणऐंशी जलरंगचित्रांचें प्रदर्शन झालें व त्याच वर्षीं शरदांत मोठें स्मृतिप्रदर्शन भरलें. तीं पाहून नवे चित्रकार खडबडून जागे झाले. मातीस या चित्रकारानें तर पैशाची चणचण असतांना १८९९ सालींच सेझानचें एक लहान चित्र विकत घेतलें, तें सदतीस वर्षें जवळ बाळगलें, आणि मग पॅरिस शहराला देऊन टाकिलें.

आपल्या मुंबईपर्यंतहि हा धागा पोंचलेला आहे. १९४७ सालीं मुंबईंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यांतील एक सय्यद हैदर रझा हे नागपूरच्या कलाशाळेंत व नंतर मुंबईस शिकलेले. १९४८ सालीं काश्मीरांत त्यांची फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसों यांच्याशीं भेट झाली. रझांचीं चित्रें पाहून त्यांनीं बुद्धिमत्तेचें कौतुक केलें, पण रचनेची उणीव सांगितली आणि सेझानचा अभ्यास करावा असा सल्ला दिला. १९५० सालीं रझा फ्रान्सला गेले. त्याच मंडळींतले के. एच. आरा (१९१४–१९८५) हे कधीं काळीं घरगडी म्हणून राबलेले; ते पुढें फुलदाण्या, फळें व भांडीं यांच्या स्थिरचित्रांसाठींच नांवाजले गेले. ज्यानें दुसऱ्यांच्या घरचीं भांडीं हाताळलीं त्यानें तीं अशीं रंगवावींत, हें फेलिबियांच्या उतरंडीला उत्तमच उत्तर म्हणावयाचें.

आतां न्यायशास्त्राकडे शेवटचा एक फेरा मारतों, कारण माझें खरें काम तेथें अडलें आहे. नैयायिक प्रत्यक्षाचे दोन प्रकार मानतात, निर्विकल्पक आणि सविकल्पक. ‘हा घट आहे’ असें नांव-जातीसह जें ज्ञान होतें तें सविकल्पक. त्याच्या आधींच्या क्षणीं, अजून ‘घट’ हा शिक्का बसलेला नाहीं, नुसतें कांहींतरी दिसलें आहे, तें निर्विकल्पक. हें पहिलें ज्ञान इतकें निसटतें असतें कीं तें स्वतः अनुभवास येत नाहीं, अनुमानानेंच मानावें लागतें, असें शास्त्र सांगतें. विद्यार्थ्यांना हें सांगतांना मी नेहमीं घाईनें पुढें जात असें. उदाहरण देणार तरी काय? आज शाळेंत असतों तर हें निळें भांडें भिंतीवर लावलें असतें. निळे, जांभळे, पिवळे पापुद्रे. त्यांत आधीं कांहींच नाहीं. मग पाहतां पाहतां त्यांतून भांडें उमटतें. जो क्षण आपण सगळे रोज ओलांडून जातों, त्या क्षणाच्या उंबरठ्यावर हा म्हातारा वर्षानुवर्षें बसून राहिला. आपण शिक्का मारण्यांत पटाईत. मास्तर लोक तर विशेषच.

या शिक्का मारण्याबद्दलच मला एक कबुली द्यावयाची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळेंत रेखाकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेचें केंद्र होतें, व स्थिरचित्राच्या प्रश्नपत्रिकेच्या वेळीं माझी पर्यवेक्षणाची पाळी होती. मध्यें तिवईवर पितळेचा तांब्या, दोन वांगीं, एक पेरू आणि खालीं सोडलेला पंचा, अशी मांडणी होती. मुलें भोंवतीं गोलाकार बसलेलीं. हिंडतां हिंडतां एका मुलाच्या मागें मी थांबलों. अर्धा तास उरला होता, तरी त्याच्या कागदावर तांब्याच्या एका बाजूस दोन-तीन पिवळट-निळसर डाग व कांहीं पुसट रेघा यांखेरीज कांहीं नव्हतें. पंचा तर केलाच नव्हता. कागदच तसा ठेवला होता. मुलगा हातांत कुंचला धरून नुसता तांब्याकडे पाहत होता. पर्यवेक्षकानें बोलूं नये असा नियम. पण तेहतीस वर्षांची जीभ! मीं हलकेच म्हटलें, ‘अरे, कागद काय कोरा देणार? भर लवकर.’ त्यानें मान वळवून माझ्याकडे एकदां पाहिलें. मग खालीं वाकून त्यानें भराभर कागद भरला. तांब्याभोंवतीं काळी जाड रेघ आली, पंचा करड्या रंगानें माखला, सगळा कागद मळकट झाला. निकालांत त्याचा क्रमांक नव्हता. पुढल्या वर्षीं तो रेखाकलेला बसला नाहीं, आणि मीं चौकशीहि केली नाहीं.

तो मुलगा सेझान होता असें मला म्हणावयाचें नाहीं. कदाचित् त्याला खरोखरच येत नसेल. मी बोललों नसतों तरी तो नापास झाला असता, हेंहि शक्य आहे. परंतु याचा निर्णय मला करतां येत नाहीं, हाच माझा अपराध. कारण मीं त्याचा कागद पाहिलाच नव्हता. मीं फक्त ‘कोरा’ असा शिक्का मारला. तो तांब्याकडे पाहत होता, मी घड्याळाकडे. वर्गभर बसलेल्या मुलांत नियमाप्रमाणें वागणारा, म्हणजे समोरची वस्तु पाहून काढा या सूचनेचें अक्षरशः पालन करणारा, कदाचित् तो एकटाच असेल.

सेझानला असे मास्तर जन्मभर भेटले. त्याच्या गांवच्या संग्रहालयाच्या प्रमुखानें आपण असेंपर्यंत याचें चित्र दारांतून आंत येऊं देणार नाहीं असा पण केला होता. १९८४ सालीं फ्रेंच सरकारनें त्याचीं आठ तैलचित्रें तेथें ठेवावयास दिलीं, तेव्हां कोठें ती उणीव भरून निघूं लागली. पण त्यानें पाहणें सोडलें नाहीं. मृत्यूच्या कांहीं आठवडे आधीं लिहिलेल्या पत्रांतहि आपण अजून निसर्गाचा अभ्यास करीत आहों व प्रगति सावकाश होत आहे, अशीच त्याची भाषा आहे. १५ ऑक्टोबर १९०६ रोजीं तो उघड्यावर चित्र काढीत असतां वादळ झालें. तासन् तास पावसांत भिजून तो कोसळला. धोब्याच्या गाडींत घालून त्याला घरीं आणावें लागलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पुन्हां उठून, व्हालिए नांवाच्या माळ्याचें चित्र पुरें करावयास बागेंत गेला. आठवड्याभरांत त्याचा अंत झाला. लोकांनीं ज्यांना अर्धवट म्हटलें तीं चित्रें त्यानें आळसानें सोडलेलीं नव्हतीं, याला याहून निराळा पुरावा नको.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं शिक्षक असतील, आईबाप तर असतीलच. त्यांना माझी एवढीच विनंति कीं, मूल एखाद्या वस्तूकडे टक लावून बसलें असेल आणि पुढचा कागद कोरा असेल, तर घटकाभर आपणहि त्या वस्तूकडे पाहावें. मुलाकडे मागाहून पाहतां येतें. आणि माझ्यासारखे जे निवृत्त आहेत, ज्यांना पेन्शनच्या तारखेखेरीज घाई कसली उरलेली नाहीं, त्यांनीं घरांतलें एखादें जुनें भांडें निवडून पाहण्याचा अभ्यास करून पाहावा. याला खर्च नाहीं. पथ्य एकच, भांड्याचें नांव मनांत घ्यावयाचें नाहीं. हें वाटतें त्यापेक्षां फार अवघड आहे.

आमच्या माळ्यावर आईच्या वेळचा तांब्याचा एक घडा होता. तो मीं खालीं काढविला. घरांतून तो चिंचेनें घासून मिळाला, थोड्या कुरकुरीनंतर. सकाळीं साडेसातच्या सुमारास खिडकींतून ऊन येतें तें त्याच्या खांद्यावर पडतें. खालीं एक जुनें सुती लुगडें अंथरलें आहे. गेला महिनाभर मी पेन्सिल घेऊन समोर बसतों. घडा तांबडा आहे असें मी जन्मभर समजत होतों. ऊन पडतें तेथें तो मुळींच तांबडा नाहीं, आणि लुगड्याजवळ तर चक्क हिरवा दिसतो. काल चार रेघा काढल्या. त्यांतल्या तीन चुकल्या हें मलाही कळलें. चौथीबद्दल अजून निश्चय होत नाहीं.

चहाचा पेला ठेवतांना मागून विचारणा झाली, ‘अहो, कागद तर सगळा कोराच दिसतो.’

‘असूं दे,’ मी म्हणालों.